रविवारचे दोन रकाने

१४ जानेवारी, बुधवार

परवा, सोमवारी सकाळी, पावणेनऊला मी दवाखान्यातली साठ्याची खोली उघडली. चप्पल बाहेर काढली. देवासमोर जाताना काढतो तशी इथंही काढतो, बावीस वर्षांची सवय. लशींच्या फ्रीजचा काटा पाहिला. शून्याच्या खाली तीन!

वाटलं, चष्मा पुसायचा राहिलाय. पुसला. तरी उणे तीन. आतल्या भिंतीला पांढरा थर आलेला आणि खालच्या कप्प्यातली खोकी त्या भिंतीला टेकलेली.

शनिवारी दुपारी काटा सातपर्यंत चढला होता म्हणून बटण मीच दोन खुणा पुढे फिरवलं होतं. रविवारी येऊन बघायचं होतं. सुट्टी असो नसो, सकाळ-संध्याकाळ काटा बघून रजिस्टरात लिहायचा, हा नियम. आणि पाळी माझीच — या खोलीला दुसरं आहेच कोण! पण गेलो नाही. ठकी बाळंतपणासाठी शनिवारीच घरी आली. सातवा सरत आलाय. सकाळी तिच्यासाठी देवासमोर बसलो तो बराच वेळ बसलो. मग ती म्हणाली, बाबा, आज कुठं जाऊ नका, माझ्याजवळ बसा. म्हटलं, एक दिवस. एवीतेवी काटा चारवरच असतो.

काटा खाली गेला तर काय करायचं ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. खोकी बाजूला काढायची. चिठ्ठी लावायची. डॉक्टरीणबाईंना कळवायचं. बाटली हलवून तपासायची. डांग्या खोकल्याची लस उन्हाने बिघडते तशी गोठल्यानेही बिघडते. वरून कळत नाही, पण आतला जीव गेलेला असतो. नव्या सिस्टर आल्या की हे त्यांना शिकवतो कोण? मी!

मी काय केलं? बटण मागे फिरवलं. स्टुलावर बसून राहिलो. दोन तासांनी काटा चारवर आला. मग रजिस्टर उघडलं. रविवार सकाळ — ४. रविवार संध्याकाळ — ४. सोमवार सकाळ — ४. अक्षर नेहमीसारखं आलं. 

आज बुधवार, लसीचा दिवस. आज जे घडलं ते लिहायला वही काढली होती. पण आता नको.


१५ जानेवारी, गुरुवार

कालचं.

रांगेत चौदा जणी होत्या. पोटुशा बायकांची डांग्या खोकल्याची लस — सातव्या-आठव्यात आईने घेतली की पोटातल्या बाळाला पुरते, त्याची स्वतःची पहिली लस होईपर्यंत. खोकी माझ्याच हातांनी डब्यात भरून दिली. ती खालच्या कप्प्यातलीच होती. दुसरी नव्हतीच. मनात म्हटलं, रात्रभरातच काटा उतरला असेल, काही झालं नसेल. देवाचं नाव घेतलं आणि डबा मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवला.

मान वर केली तर रांगेत तिसरी ठकी!

येणार असल्याचं बोलली नव्हती. मला बघून हसली, हात हलवला. "बघा, तुमच्याच फ्रीजमधली घेणार!" बाकीच्या बायकाही हसल्या.

मी टेबलाच्या मागून बाहेर आलो. तिचा दंड धरला. "आज नको," म्हणालो.

"का हो बाबा?"

"नको म्हटलं ना. पोटात जीव आहे. घाई कशाला? घरी चल."

मोठ्या सिस्टर सुई हातात धरून बघत राहिल्या. "काका, आपल्या दुकानातला माल घरी नको होय?" त्या थट्टेने म्हणाल्या. पण रांगेत कोणी हसलं नाही. मी ठकीला रिक्षात बसवून परत आलो तेव्हा पाच जणी न टोचून घेताच निघून गेल्या होत्या, आठच जणी उरल्या होत्या. त्या आठ जणींना ती लस टोचली. मी उभा राहून बघितलं. एकीने जाताना मला नमस्कार केला!

माझ्या मुलीला वाचवलं आणि त्या आठ जणींना पाणी टोचू दिलं. असला बाप.


१८ जानेवारी, रविवार

आज दोन्ही वेळा जाऊन काटा बघितला. चार. चार.

संध्याकाळी एकटाच होतो. खालच्या कप्प्यात त्या खोक्यांतल्या दोन बाटल्या उरल्यात. फेकवेनात. तपासावं असंही वाटेना — तपासून खराब निघाल्या तर? रजिस्टरात 'फुटल्या — २' लिहिलं. कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात मागे सारल्या. एक खोटं लिहिलं की पुढचं किती सहज लिहून होतं!


२१ जानेवारी, बुधवार

रांगेत पाच जणी. साठा संपलाय, नवा आला की कळवू म्हणून नावं लिहून घेतली.

ही बाजारातून आली ती सांगत होती, भाजीपाशी दोघीजणी माझ्याबद्दल बोलत होत्या. "बर्फवाल्या काकांनीच लेकीला घेऊ दिली नाही म्हणे. तो माणूस रोज त्यात हात घालतो, त्याला ठाऊक नसेल तर कोणाला?"

ही म्हणाली, "अहो, खरंच काही असतं का हो त्यात?"

"काही नसतं."

"मग ठकीला का नको म्हणालात?"

मी म्हणालो, मला वेळ झालाय. आणि आंघोळीला गेलो.


५ फेब्रुवारी, गुरुवार

नवा साठा आला! मी स्वतः गाडीतून उतरवून घेतला, प्रत्येक डब्यातला थर्मामीटर बघितला. पाच. पाच. चार. सहा. एकही शंका नाही. ठकीला नववा लागायला थोडे दिवस आहेत. अजून वेळ गेलेली नाही. गाडीवाल्याला मी उगाचच दोनदा चहा पाजला. तो म्हणाला, काका, मुलगी झाली की मुलगा? म्हटलं, अजून व्हायचंय, पण होईल, छान होईल!

आज देवासमोर बसलो तेव्हा बऱ्याच दिवसांनी शब्द आले.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

ठकीला सांगितलं. जेवण झाल्यावर, सहज बोलल्यासारखं. "बुधवारी ती लस घेऊन टाक. चांगला साठा आलाय."

ती बाळाची टोपी विणत होती. सुया थांबल्या. "तुम्हीच नको म्हणाला होतात ना?"

"तेव्हा नको होती. आता घे."

"तेव्हा का नको होती?"

इथं सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं — रविवारी मी गेलो नाही. चार शब्दांचं वाक्य. मी म्हणालो, "तेव्हा तुला जरा अशक्तपणा होता."

"कुठं होता?" ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, त्या दिवशी तुमचं तोंड बघितलंय मी. पांढरंफटक. माझा दंड धरलात तो दोन दिवस दुखत होता. तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. आता वरून कोणीतरी दटावलंय म्हणून घे म्हणताय."

"कोणी दटावलं नाही गं."

"मग शपथ घ्या माझी, की त्यात काही वाईट नाही."

घेतली. लगेच घेतली. आणि तिला कळलं की मी काहीतरी लपवतोय. लहानपणापासून कळतं तिला. म्हणाली, "राहू दे. माझ्यासाठी तुम्ही खोटी शपथ नका घेऊ."

शपथ खरी होती! तीच तेवढी खरी होती.


८ फेब्रुवारी, रविवार

गावच्या शाळेत एकच थर्मामीटर होता, ओट्याच्या खांबाला टांगलेला. चौथीत असताना रोज दुपारी आकडा बघून फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा खेळाच्या नादात न बघताच कालचा आकडा लिहिला. गुरुजींनी मारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला खांबाजवळ उभं केलं. दर तासाला बघायचं आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल असा आकडा ओरडायचा. पोरं खिदळत होती. शाळा सुटताना गुरुजी म्हणाले, "कळलं? तो बदलत असतो. म्हणून बघायचा."

आज ते सकाळपासून डोळ्यांसमोर आहेत. ओरडून सांगायला लावणारं आता कोणी नाही.


११ फेब्रुवारी, बुधवार

ठकी आली नाही. रांगेत दोघी. मोठ्या सिस्टर टेबल पुसत म्हणाल्या, "काका, एक लस तुम्ही मलाच टोचा, म्हणजे वेळ तरी जाईल." मग हसू थांबवून म्हणाल्या, "काय झालंय हो लोकांना?"

मला म्हणायचं होतं, लोकांना काही झालेलं नाही.


२२ मार्च, रविवार

मुलगा! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. अंगाने भरलेला, डोक्यावर जावळ. माझं बोट पुढे केलं तर असं घट्ट धरलं की सुटेना. ही म्हणाली, अगदी मुंगळा आहे. तेच नाव पडलं.

दवाखान्यात येता-जाता दोन्ही वेळा काटा बघितला. चार, पाच.

देवा, माझं जे आहे ते माझ्या नावावर ठेव. याच्या नाही.


२ एप्रिल, गुरुवार

मोठ्या सिस्टर घरी येऊन गेल्या. मुंगळ्याचं वजन केलं, ठकीला म्हणाल्या, आता तरी घेऊन टाक. आईला खोकला झाला नाही तर बाळालाही तिच्याकडून लागत नाही. अंगावर पाजत असतानाही चालते.

ठकी म्हणाली, "दुधातून जाईल ना त्याच्यात."

"लस दुधातून काही करत नाही. उलट भलंच होतं, झालं तर."

"सिस्टर, पोटात होता तेव्हा नको आणि अंगावर पितोय तेव्हा चालेल, असं कसं?" आणि माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंचा फोन रोज असतो — बाळ पितंय तोवर काही टोचून घेऊ नकोस, दूध आटतं. फोनवर कुठल्या कुठल्या बायकांचे व्हिडिओ येतात. पण ठकी त्यातल्या एकीचंही नाव घेत नाही. ती म्हणते, "माझे बाबा तिथं कामाला आहेत."

सिस्टर पायऱ्या उतरताना हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही एक शब्द बोललात तर ऐकेल ती."

तो एक शब्द कुठला, ते त्यांना ठाऊक नाही.


१२ एप्रिल, रविवार

हिला तीन आठवडे कोरडा खोकला आहे. म्हणते धुळीने. मुंगळ्याला मांडीवर घेतलं की पदर तोंडाला लावते. म्हटलं, दाखवून घे. म्हणाली, मला काय धाड भरलीय!


१७ एप्रिल, शुक्रवार

मुंगळा दोन दिवस शिंकतोय. आज दूध पिताना ठसका लागला.


१९ एप्रिल, रविवार

मोठ्या इस्पितळात आणलंय.

सकाळी ठकी पाजत होती. तो खोकला — म्हणजे खोकल्याचा आवाजही नाही, नुसतं तोंड उघडलं, लाल झाला, मग निळा, मग थांबला. थांबला म्हणजे थांबलाच! ठकी ओरडली नाही. त्याला माझ्या हातात दिलं. मी पाठ चोळली, पालथा धरला. केव्हातरी त्याने श्वास ओढला.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, घरात कोणाला खोकला आहे? आम्ही एकमेकांकडे बघितलं. ही पुढे झाली, पदर तोंडावर धरून. म्हणाली, "मला."

मग विचारलं, "आईने गरोदरपणी डांग्या खोकल्याची लस घेतली होती?"

ठकी म्हणाली, "नाही."  माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.


२२ एप्रिल, बुधवार

काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी. पेटीबाहेर आकडे दिसतात, हिरवे, सतत बदलणारे. मी सकाळपासून तेच वाचतोय. आकडा खाली गेला की घंटा वाजते, सिस्टर धावत येते, तळपायाला टिचकी मारते. तो पुन्हा श्वास घेतो.

इथं कोणी न बघता लिहीत नाही.

ही बाहेरच्या बाकावर बसून असते. आत यायला तयार नाही. "माझ्यामुळे झालं," एवढंच बोलते. "माझाच खोकला त्याला लागला." आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवतो!


२४ एप्रिल, शुक्रवार

जावई आले. दिवसभर काचेला कपाळ टेकून उभे होते. मला म्हणाले, "बाबा, तुम्ही प्रार्थना करता ना? करा."

करतो. पण देवासमोर बसल्यावर आधी जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं मागता येत नाही. आणि ते मी अजून माणसांना सांगितलेलं नाही. देवाला एकट्याला गुपचूप सांगणं म्हणजेसुद्धा लपवणंच.


२६ एप्रिल, रविवार

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी गेला.


३ मे, रविवार

आज त्याला सहा आठवडे झाले असते. येत्या बुधवारी त्याची पहिली लस द्यायची होती. कार्ड फ्रीजवर चिकटवलं होतं, घरच्या. ठकीने काढून कपाटात ठेवलं. फाडलं नाही.

तिचं दूध थांबत नाही. ही कापड बांधून देते. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. ठकीला राग नाही, पण हीच तिच्यासमोर जात नाही. ताट ठेवते आणि मागे सरते, चोरासारखी.

या घरात चोर एक आहे. ती नव्हे, मी.


९ मे, शनिवार

शेजारची शिवणवाली भेटायला आली होती. तिला आता सातवा आहे. ठकीजवळ बसून रडली. मग जाताना दारात माझ्याजवळ थांबली.

"काका, आता तुम्हीच सांगा. दवाखान्यातून रोज निरोप येतोय, घे म्हणून. सासूबाई म्हणतात नको. तुमच्या ठकीने घेतली नाही आणि असं झालं. पण मग तुम्ही तिला अडवलं कशासाठी? तुम्हाला माहीत होतं ना काहीतरी?" मग म्हणाली, "की तुम्ही नाही अडवलं? लोक उगाच बोलतात?"

"मी अडवलं."

"मग मी घेऊ की नको?"

"घे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ठकीने बघितलं होतं तसंच. "तुम्ही नीट सांगत नाही काका," म्हणाली, आणि गेली. तिच्या शिलाई यंत्राचा आवाज दिवसभर येतो. आज दुपारी आला नाही.

मी पन्नाशीला आलो. आयुष्यभर कमी बोललो म्हणून लोक म्हणतात, गंभीर माणूस, याच्या शब्दाला वजन आहे. त्या वजनाखाली एक मूल गेलं, आणखी एक जायच्या वाटेवर आहे.


१४ मे, गुरुवार

आज ती तपासणी केली. चार महिन्यांनी!

त्या दोन बाटल्या बाहेर काढल्या. एक काल सकाळी बर्फाच्या कप्प्यात ठेवून पूर्ण गोठवली, आज वितळू दिली. दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर दार लोटून घेतलं. दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून जोराने हलवल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. नियम असा की गोठलेल्या बाटलीतला गाळ भराभर खाली बसतो, वर निवळ पाणी राहतं. न गोठलेली गढूळच राहते. ती चांगली.

घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटांत पहिलीचा गाळ खाली बसू लागला. मी दुसरीकडे बघितलं. पंधरा मिनिटं. अर्धा तास. पहिलीत वर स्वच्छ पाणी. दुसरी — गढूळ. सगळीकडे सारखी. दुधासारखी.

चांगली!

भिंतीला टेकलेल्या खोक्यांतलीच होती ती. थंड झाली, पण गोठली नव्हती. त्या आठ जणींना पाणी नाही, लसच मिळाली. देवा, तेवढं तरी! मी टेबलावर डोकं टेकलं.

मग कळलं, म्हणजे ठकीलाही लसच मिळाली असती.

रांगेत ती तिसरी होती. मी टेबलामागून बाहेर आलो नसतो तर! किंवा सोमवारी सकाळी हीच तपासणी केली असती तर — एक बाटली गोठवायची, दोन्ही हलवायच्या, अर्धा तास बसायचं. मंगळवारी मी निश्चिंत झालो असतो. पण तपासणी करायची तर आधी सांगावं लागलं असतं.

आता मला गप्प बसायला वाट मिळाली आहे, हेही दिसतंय. लस खराब नव्हती. कोणाचं नुकसान नाही. रविवारचे दोन रकाने कोण विचारतो! बाटल्या नाल्यात रिकाम्या करायच्या, संपलं.

केल्या नाहीत. चिठ्ठी लावून परत ठेवल्या. चिठ्ठीवर तारीख लिहिली, जानेवारीतली, खरी.


१७ मे, रविवार

दोन्ही वेळा गेलो. काटा बघितला. आकडा मोठ्याने म्हटला. खोलीत कोणी नव्हतं, तरी.


१९ मे, मंगळवार

हिला सांगितलं. आधी हिलाच सांगायला हवं होतं.

ठकी आत झोपली होती. ही तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं — शनिवारचं बटण, रविवार, रजिस्टर, रांग, गुरुवारची तपासणी. ती तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, तिने ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "तीन आठवडे मी माझ्या तोंडात मारून घेत होते. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात."

"हो."

"त्या हाताने!"

खोकला मात्र तिचाच लागला असेल, डॉक्टर तसंच म्हणाले, पण आईकडून त्याला कवच मिळालं असतं तर... मी असं काहीतरी बोलू लागलो. ती म्हणाली, "गप्प बसा. चार महिने गप्प होतात, आता थोडा वेळ आणखी बसा."

 तांदळातला एक खडा तिने बोटांत धरला होता, तो टाकायचं विसरली. शेवटी विचारलं, "आता काय करणार?"

"उद्या बुधवार. डॉक्टरीणबाईंना लेखी देणार. आणि रांगेत बायका असतील, त्यांना तोंडाने सांगणार. का अडवलं ते. त्यांना वाटतं मला लसीतलं काहीतरी ठाऊक होतं. मला फक्त माझंच ठाऊक होतं, हे त्यांना कळायला हवं. नोकरी जाईल."

"नोकरीचं कोण बोलतंय! ठकीचं काय?"

"तिलाही सांगणार. तिला तिथंच बोलावलंय."

ही उठली, दार लोटून आली. माझ्याजवळ बसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अगदी हळू म्हणाली, "मग एवढं करा. बाटली नासकी होती असं सांगा. म्हणजे तिला वाटेल, घेतली असती तरी उपयोग नव्हता. जे व्हायचं तेच झालं असतं. तेवढा तरी आधार राहू द्या पोरीला. चांगली होती म्हणालात तर कशी जगेल हो ती?"

ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, नेहमीच होती. आणि ती जे मागतेय ते मायेपोटी मागतेय. पण ठकीला असं सांगितलं, तर शिवणवालीलाही तेच ऐकू जाईल — फ्रीजमधून नासकी लस निघते! मग पुढच्या बुधवारी रांगच नसेल.

आणि आणखी एक. मीही तेव्हा मायेनेच 'नको' म्हणालो होतो.

काय बोलेन, ठाऊक नाही. देवासमोर बसलो. काही मागितलं नाही.


२० मे, बुधवार

सांगितलं. लेखी दिलं, आणि रांगेसमोर उभा राहून मोठ्याने सांगितलं. नऊ जणी होत्या. मोठ्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शिवणवाली रांग सोडून गेली नाही.

ठकी दारात होती. सगळ्यांच्या मागून तिने एकच विचारलं, "बाबा, माझी बाटली चांगली होती?"

मी म्हणालो, "होती."